दाभोळची वाट

वाचकहो, रहिमतपूरचा माणूस इतिहासाच्या बाबतीत जरा फुशारकीखोर असतो, हे आधीच कबूल करतो. आमच्या गावात रणदुल्लाखानाची कबर आहे. मुहम्मद आदिलशहाचा हा सरदार. कर्नाटकच्या मोहिमेत शहाजीराजे त्याच्याबरोबर होते. त्या मकबऱ्याच्या सावलीत लहानपणी गोट्या खेळलो, म्हणून सगळी आदिलशाही आपल्याला तोंडपाठ आहे असा आमचा समज. त्या समजापायीच खालाजानना दाभोळ दाखवण्याचा विडा आम्ही उचलला.

खालाजान म्हणजे आमच्या अम्मींची धाकटी बहीण. शिलाई मशीनवर उभे आयुष्य काढून त्यांनी हजसाठी पैसा जमवला. तो पुरेसा झाला तेव्हा गुडघे आणि हृदय दोन्ही थकले होते. डॉक्टरांनी साफ सांगितले, इतके चालणे आता जमणार नाही. त्या रडल्या नाहीत, पण बोलणे कमी झाले. एका रात्री आम्ही सहज दाभोळच्या मशिदीची गोष्ट सांगितली. विजापूरची एक शहजादी मक्केला जायला लवाजम्यासह या बंदरावर आली, समुद्रात चाचे फिरत असल्याने तिला पुढे जाता येईना, तेव्हा बरोबरचा पैसा तिने तिथेच मशीद बांधण्यात घातला, अशी ती लोककथा. खालाजान म्हणाल्या, "मला ती बघायची आहे."

पहाटे निघालो. कराड, मग कुंभार्ली घाट, मग चिपळूण. घाटात त्यांनी दोन लिंबे संपवली. गुहागरला उतरून रिक्षावाल्याला आम्ही ऐटीत म्हटले, "दाभोळ."

"कंपनीवर का?" त्याने विचारले.

फेरीबोटीची कंपनी असणार, असे वाटून आम्ही मान डोलावली. त्याने नेऊन उभे केले ते वीज प्रकल्पाच्या फाटकासमोर! प्रकल्प दाभोळच्या नावाने देशभर गाजला, पण तो उभा आहे खाडीच्या अलीकडे, गुहागर तालुक्यात. दाभोळ गाव पलीकडच्या काठावर, दापोली तालुक्यात. आदिलशाही तोंडपाठ असलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हते. खालाजाननी धुराड्यांकडे मान वर करून पाहिले आणि विचारले, "मिनार हेच का रे?"

रिक्षा वळवून धोपाव्याला पोचलो, तर फेरीबोट नुकतीच सुटलेली. धक्क्यावर बसून डबा उघडला. आम्ही पाणी आणायला गेलो तेवढ्यात कावळ्याने कबाब पळवला. वेळ घालवायला आम्ही व्याख्यान सुरू केले. अरबस्तानातले घोडे याच वाशिष्ठीच्या मुखाशी उतरत आणि घाट चढून बिदर-विजापूरकडे जात. पंधराव्या शतकात निकितिन नावाचा रशियन व्यापारी मायदेशी परतताना इथूनच गलबतात बसला. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने हे शहर जाळून बेचिराख केले.

"ते राहू दे," खालाजान म्हणाल्या. "ती शहजादी परत विजापूरला गेली का?"

गोष्टीत ते नव्हते. आम्ही गप्प बसलो.

बोटीत चढताना त्यांची एक चप्पल निसटून खाडीत पडली. आम्ही आमची जोडी त्यांना दिली आणि पलीकडे उतरून भर दुपारी अनवाणी चालू लागलो. नारळीच्या झाडांमागे ती काळ्या दगडाची मशीद दिसली. वर घुमट, कोपऱ्यांवर मिनार. विजापूरचा हात ओळखू येतो, पण दगडावर खारे वारे बसलेले. पायऱ्या पाहून म्हटले, "तुम्ही इथेच बसा." आणि फोटो काढायला मागच्या बाजूला गेलो. परत येतो तर पायरीवर फक्त आमच्या चपला.

काळजात धस्स झाले. धावत वर गेलो. त्या कमानीला टेकून बसल्या होत्या, दम लागलेला, हात दुव्यासाठी उचललेले. कशा चढल्या, विचारायची हिंमत झाली नाही. बराच वेळ त्यांनी हात खाली घेतले नाहीत. आम्ही तळपाय चोळत बसून राहिलो.

परतीच्या बोटीत आम्ही हज्जे बदलचा विषय काढला. जो स्वतः जाऊ शकत नाही, त्याच्या वतीने दुसऱ्याला पाठवता येते. आलिमांना नीट विचारू, असे म्हटले. मनातून वाटत होते, त्या आमचेच नाव घेतील.

खालाजान आमच्या पायांकडे बघत होत्या. मग कितीतरी दिवसांनी त्या हसल्या.

"पाठवायचा तर आधी स्वतःचा हज केलेला माणूस बरा. तुझं काय सांगावं! मक्केला म्हणून निघशील आणि कुठल्या कंपनीच्या फाटकावर उतरशील, अल्लाहच जाणे."