बिऱ्हाड सीमेपलीकडे नेताना

आमच्या व्यापारी बंधूंच्या बोलण्यात अलीकडे एक विचार वारंवार येऊ लागला आहे. दुकान येथेच राहू द्यावे, बिऱ्हाड मात्र कोल्हापुरास हलवावे. कोणी सांगलीचे नाव घेतो, कोणी इचलकरंजीचे. ज्यांचे चिरंजीव पुण्यास नोकरीत स्थिरावले आहेत ते पुण्याचे नाव घेतात. कारणेही ठरलेली असतात. मुलांचे शिक्षण, सुनेचे माहेर, सोयरीक जमविण्यातील सुलभता, आणि ज्याचा उच्चार सर्वांत शेवटी होतो परंतु जे मनात सर्वांत आधी असते ते कारण म्हणजे भाषा. या कारणांशी आमचा वाद नाही. ज्या रीतीने हा निर्णय घेतला जातो, तिच्याविषयी मात्र चार शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर आहे. बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट दूर. त्यामुळे घर हलविणे म्हणजे एका पेठेतून दुसऱ्या पेठेत जाण्यासारखे आहे, अशी समजूत होते. एक टेम्पो सांगावा, चार हमाल घ्यावेत, सकाळी निघून दुपारच्या जेवणाला नव्या घरी पोहोचावे. सामानापुरते हे खरेच आहे. परंतु बिऱ्हाड नुसते चाळीस किलोमीटर जात नसते. ते एका सरकारच्या दप्तरातून निघून दुसऱ्या सरकारच्या दप्तरात जात असते, आणि हे दुसरे अंतर किती वर्षांचे आहे याचा हिशोब आमच्यापैकी फार थोडे लोक करतात. पन्नास पोत्यांचा सौदा करताना आपण वाण पाहतो, ओल पाहतो, बारदानाचे वजन वजा करतो. घराच्या सौद्यात मात्र शेजाऱ्याने केले म्हणून आपण करतो.

सीमेवरून ये-जा करणे आपल्या लोकांस नवे नाही. १८९९ साली स्तवनिधी क्षेत्रावर दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली, तेव्हा कोल्हापूर व सांगली ही संस्थाने होती आणि बेळगाव हा इंग्रजी मुलखातला जिल्हा होता. तरी समाज एक होता, लग्ने होत होती, माल जात-येत होता. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी आमच्या वडिलांच्या पिढीने एक निराळाच प्रकार अनुभवला. माणसे जागची हलली नाहीत, राज्य हलले. बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला; त्याच जिल्ह्यातील चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहून कोल्हापूर जिल्ह्यास जोडला गेला. १९६७ साली महाजन आयोगाने निपाणी व खानापूर महाराष्ट्रास द्यावीत आणि बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवावे अशी शिफारस केली. ती अंमलात आली नाही. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्या वादाचा निकाल करणे आमचे काम नव्हे. आम्ही इतकेच सांगतो की, 'आज ना उद्या सीमा हलेल' या भरवशावर कोणी घराचे बेत करू नयेत आणि 'येथे आता काही उरले नाही' या त्राग्यानेही करू नयेत.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. बिऱ्हाड केव्हा हलवावे हे दुकानाने ठरवू नये, मुलाच्या इयत्तेने ठरवावे, असे आमचे ठाम मत आहे.

याचे कारण असे. कर्नाटकात अभियांत्रिकी, वैद्यकीय वगैरे अभ्यासक्रमांच्या सरकारी वाट्यातील जागांवर हक्क सांगावयाचा, तर सर्वसाधारण नियमाप्रमाणे मुलाने पहिली ते बारावीपर्यंतच्या काळात किमान ७ पूर्ण शैक्षणिक वर्षे कर्नाटकात काढलेली असली पाहिजेत, आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा कर्नाटकातून उत्तीर्ण झालेली असली पाहिजे. महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशासाठी दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या लागतात आणि शिवाय अधिवासाचा दाखला लागतो. तो दाखला सामान्यतः १५ वर्षांच्या वास्तव्यावर मिळतो. हे दोन नियम शेजारी शेजारी ठेवून पाहावेत, म्हणजे मधली दरी दिसू लागते.

आमच्या पाहण्यातील एका घराची हकीकत सांगतो. कन्या हुशार. पहिली ते आठवी निपाणीत झाली. नववीच्या जूनमध्ये बिऱ्हाड कोल्हापुरास गेले. दहावीला उत्तम गुण, बारावीलाही उत्तम. वैद्यकीय प्रवेशाचा अर्ज भरावयास बसल्यावर कळले की, कर्नाटकात आठ वर्षे शिकूनही तेथील एकही मोठी परीक्षा नसल्याने तिकडचा हक्क नाही. आणि महाराष्ट्रातील दोन्ही परीक्षा हाती असूनही वास्तव्य अवघे चार वर्षांचे, म्हणून इकडचाही नाही. अखिल भारतीय वाट्यात क्रमांक थोडक्यात हुकला. शेवटी जास्तीची फी भरून तिने खासगी संस्थेत दुसराच अभ्यासक्रम घेतला. मुलीची काहीच चूक नव्हती. चूक इतकीच होती की, घरातील वडीलधाऱ्यांनी भाड्याचा, अनामतीचा, टेम्पोचा हिशोब केला आणि इयत्तांचा केला नाही.

अभियांत्रिकीस थोडी वाट मोकळी आहे. महाराष्ट्रातून बारावी झालेल्या मुलाचा जन्म महाराष्ट्रात झालेला असल्यास त्याचा तेथे विचार होतो. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची चाल असल्याने निपाणीच्या कित्येक मुलांचे जन्मदाखले कोल्हापूर, गडहिंग्लज, जयसिंगपूर येथील आहेत. सासूबाईंनी कौतुकाने धाडलेल्या बाळंतपणाचा असा उपयोग होईल हे त्या वेळी कोणाच्या ध्यानी आले असेल! असे दाखले जपून ठेवावेत.

आणखी एक बाब अनेकांस ठाऊक नाही. वादग्रस्त सीमाभागात राहून तेथूनच परीक्षा उत्तीर्ण झालेल्या, मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेश-नियमांत स्वतंत्र तरतूद आहे. उलट बाजूने अक्कलकोट, जत, सोलापूर, गडहिंग्लज या भागांतील कन्नड मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी कर्नाटकानेही तशीच तरतूद ठेविली आहे. म्हणजे जो निपाणीत राहून शिकतो त्यास महाराष्ट्रात एक दार उघडे आहे, आणि जो त्याच दाराच्या ओढीने कोल्हापुरास जाऊन शिकतो त्यास ते बंद होते. हे नियम दरवर्षीच्या माहितीपुस्तिकेत छापलेले असतात व त्यांत बदलही होत असतात. म्हणून ऐकीव गोष्टीवर न विसंबता त्या त्या वर्षीची पुस्तिका स्वतः वाचावी.

या सर्वाचा अर्थ आमच्या मते असा की, जावयाचे असेल तर मूल प्राथमिक शाळेत असतानाच जावे, नाहीतर बारावीचा निकाल हाती आल्यावर जावे. सातवी ते बारावीच्या दरम्यान बिऱ्हाड हलविणे म्हणजे मुलास धड इकडचे ना धड तिकडचे करणे होय. भाषेचेही तसेच आहे. कर्नाटकाने २०१५ च्या कायद्याने शाळांतून कन्नड व महाराष्ट्राने २०२० च्या कायद्याने मराठी सक्तीची केली. लहान मूल नवी लिपी एका पावसाळ्यात उचलते. नववीच्या मुलास तीच गोष्ट ओझे होते. ज्यांस केवळ महाविद्यालयापुरती काळजी आहे त्यांनी अर्जुननगरकडे पाहावे. देवचंद महाविद्यालय निपाणीच्या वेशीवर आहे, पण ते कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात मोडते आणि शिवाजी विद्यापीठास जोडलेले आहे. आपली मुले रोज सकाळी राज्य ओलांडून शिकावयास जातात आणि दुपारी घरी येऊन जेवतात.

मागासवर्गीयांच्या दाखल्याविषयीही सावध असावे. कर्नाटकात दिगंबर जैन '३ ब' वर्गात मोडतात. तो दाखला महाराष्ट्रात चालत नाही.

दुकानाचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. मालकाने कोल्हापुरात राहावे आणि पेढी निपाणीत चालवावी, यास कोणताही कायदा आड येत नाही. पेढीही उचलून न्यावयाची म्हटले तर मात्र गुंतागुंत वाढते. १ जुलै २०१७ पासून देशात एकच वस्तू व सेवा कर आला हे खरे, परंतु नोंदणी राज्यवार आहे. कर्नाटकाचा क्रमांक २९ ने सुरू होतो, महाराष्ट्राचा २७ ने. पत्ता बदलल्याचा अर्ज देऊन २९ चे २७ होत नाहीत. तेथे नवी नोंदणी घ्यावी लागते आणि येथील रद्द करावी लागते. दोन्हीकडे नोंदणी ठेविली तर एकाच मालकाच्या दोन पेढ्या कायद्याच्या दृष्टीने दोन निराळे इसम ठरतात, आणि आपल्याच वखारीतून आपल्याच वखारीत करपात्र माल पाठविला तरी बीजक फाडावे लागते. बाजार समितीचा परवानाही त्या त्या राज्याचा. कर्नाटकाचा कायदा १९६६ चा, महाराष्ट्राचा १९६३ चा. म्हणून घर व पेढी एकाच वर्षी हलवू नयेत, हा आमचा सल्ला. वापरलेल्या घरगुती सामानास ई-वे बिल लागत नाही. तेवढी एक गोष्ट सरकारने सुखाची ठेविली आहे.

मोटारीचे म्हणावे तर दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेविलेल्या गाडीस तेथील क्रमांक घ्यावा लागतो. आधी चिकोडीहून ना-हरकत पत्र, मग कोल्हापुरात नवा कर, मग जुन्या कराच्या परताव्यासाठी पुन्हा चिकोडी. २०२१ साली निघालेली 'भारत' मालिकेची सोय सरकारी नोकर आणि अनेक राज्यांत कचेऱ्या असलेल्या कंपन्यांचे नोकर यांच्यासाठी आहे. व्यापारी माणसाचे त्या मालिकेत नाव नाही. मतदार यादीसाठी नमुना ८ भरावा. दोन्हीकडे नाव ठेवणे हा गुन्हा आहे, हुशारी नव्हे.

आता ज्या गोष्टीसाठी कोणताच नमुना छापलेला नाही तिच्याविषयी. घरातील वृद्धांस केव्हा विचारले जाते? बहुधा अनामत भरून झाल्यावर. पुण्याच्या अकराव्या मजल्यावर नेऊन बसविलेले आमचे एक समवयस्क स्नेही दूरध्वनीवर एकच प्रश्न विचारतात, "आज बाजार काय निघाला?" त्यांस ज्वारीच्या भावाशी आता काही कर्तव्य उरलेले नाही. पण पन्नास वर्षे ज्या माणसाने सकाळी मंदिर व नंतर पेठ याखेरीज काही पाहिले नाही, त्याने दिवसभर गॅलरीत उभे राहून करावे तरी काय? सून प्रेमळ आहे, सूर्यास्तापूर्वी ताट वाढते. तक्रारीस जागा नाही. तथापि मंदिर तीन मैलांवर आहे आणि मोटारीने सोडावयास कोणीतरी मोकळे असावे लागते. घर पाहताना पाण्याची टाकी व वाहन ठेवण्याची जागा जितक्या बारकाईने पाहतात, तितक्याच बारकाईने मंदिर पायी किती अंतरावर आहे हे पाहावे. आणि घरातील वडील 'मी येथेच राहतो' म्हणाले तर तो हट्ट समजू नये. मुलेबाळे कोल्हापुरात व आजोबा निपाणीत, अशी व्यवस्था चाळीस किलोमीटरवर निभते. पुण्याच्या अंतरावर निभत नाही. तेथे सर्वांनी जावे किंवा कोणीच जाऊ नये.

हलविण्यास एप्रिल-मे हाच काळ योग्य. मार्चअखेर हिशोब बंद झालेला असतो, कर्नाटकातील शाळा महाराष्ट्रापेक्षा थोड्या आधी उघडतात, आणि पाऊस लागलेला नसतो. धान्याचा व्यापारी म्हणून गृहिणींस एक सूचना करावीशी वाटते. वर्षाची बेगमी जुन्या घरी भरून ती जूनमध्ये नव्या घरी नेऊ नये. वाटेत दमट हवा लागलेल्या ज्वारीत श्रावणापूर्वी कीड पडते. धान्य नव्या घरी जाऊनच भरावे. कोल्हापुरात जागा पाहताना २०१९ व २०२१ साली पुराचे पाणी कोठवर आले होते हे शेजाऱ्यांस विचारावे, घरमालकास नव्हे. त्या दोन्ही वर्षी महामार्ग बंद पडून घर एका तीरावर व दुकान दुसऱ्या तीरावर अशी कित्येकांची अवस्था झाली होती. २०२१ मध्ये तर पुराखेरीज कोगनोळी नाक्यावर करोना तपासणीचा दाखलाही दाखवावा लागत होता.

जाता जाता आपल्या संघटनेविषयी. ज्यांचे बिऱ्हाड सीमेपार गेले पण पेढी येथे आहे, त्यांचे सभासदत्व कायम राहावे, आणि ज्यांनी पेढीही नेली त्यांस वर्गणीदार म्हणून नावावर ठेवावे, असे आमचे म्हणणे आहे. तसेच प्रवेश-नियम, नोंदण्या व दाखले यांची त्या त्या वर्षीची माहिती कचेरीत एका फायलीत ठेवून, मे महिन्यात आठवड्यातून दोन दिवस सायंकाळी एका जाणत्या सभासदाने तेथे बसावे. येत्या वार्षिक सभेत या दोन्ही ठरावांची सूचना आम्ही देणार आहोत. अनुमोदन देऊ इच्छिणाऱ्या बंधूंनी आपली नावे सभेपूर्वी चिटणीसांकडे कळवावीत.