लुटुपुटूची तलवार

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे.

"पोरं मोबाईलवर दिवसभर तलवारी फिरवतात, म्हणून हिंसक झाली आहेत." आमच्या धाराशिव जिल्ह्यात पारावर बसा, एस.टी.त बसा नाहीतर लग्नाच्या पंगतीत बसा, हे वाक्य कानावर पडणारच. बोलणारा बहुधा प्रतिष्ठित माणूस असतो. गंमत अशी की, हाच माणूस आदल्या संध्याकाळी एखाद्या 'भावी' नेत्याच्या वाढदिवसाला व्यासपीठावर टाळ्या वाजवत असतो, आणि तिथे त्या भावीने केक कापलेला असतो तलवारीने. खऱ्याखुऱ्या, लोखंडी, हातभर लांब तलवारीने!

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. मोबाईलमधल्या खोट्या तलवारीची मला फारशी भीती वाटत नाही. चौकातल्या खऱ्या तलवारीची वाटते. आणि खोट्या तलवारींमध्ये एक जात अशी आहे, जी प्रत्येक पोराने एकदा तरी हाताळावी असं मला मनापासून वाटतं. ती म्हणजे थट्टेची तलवार.

ही काय भानगड आहे ते नातवाने मला समजावून दिलं. 'फायनल फँटसी' नावाची जपानी खेळांची एक मालिका आहे. कुणाचं तरी सोंग घ्यायचं आणि त्या सोंगाच्या अंगाने गोष्ट पुढे न्यायची, असा हा प्रकार. तिचा पाचवा भाग १९९२ साली जपानात आला. त्यात गिल्गामेश नावाचा खलनायकाचा एक सरदार आहे. नाव त्या प्राचीन मेसोपोटेमियाच्या महाकाव्यातल्या वीराचं, पण स्वभाव मात्र आपल्या वगातल्या शिपायाचा. बडबड्या, फुशारकी मारणारा, हरला की सबबी सांगणारा. एका लढाईत तो मोठ्या थाटात एक तलवार उपसतो. जगातली सर्वात बलवान तलवार, राजा आर्थरची एक्सकॅलिबर, आपल्या हाती आली आहे अशी त्याची खात्री असते. वार करतो. समोरच्याचं नुकसान किती? फक्त १. पुन्हा वार करतो, पुन्हा १. त्याचा मालकच मग त्याला सुनावतो की बाबा रे, ही एक्सकॅलिबर नव्हे, ही नकली आहे! इंग्रजीत तिचं नाव ठेवलंय एक्सकॅलिपुअर. म्हणजे शेवटी 'पुअर', दरिद्री! मालक नंतर त्याला हाकलून देतो तो भाग वेगळा.

ऐकून मी मनापासून हसलो आणि मग विचारात पडलो. कारण या चार मिनिटांच्या थट्टेत जे शिकवलंय ते नागरिकशास्त्राच्या तासाला शिकवताना आम्हा मास्तरांची दमछाक होते. चकाकी म्हणजे ताकद नव्हे. नाव मोठं म्हणून वार मोठा होत नाही. आणि ज्याला आपल्या हातात काय आहे हे माहीत नाही, त्याच्याइतका हास्यास्पद प्राणी रणांगणावर दुसरा नाही.

आता कुणी म्हणेल, हे जपानी खूळ आपल्याला काय कामाचं? अहो, खूळ आपलंच आहे, आणि फार जुनं आहे. नाट्यशास्त्रात पहिल्या नाटकाची कथा आहे. असुरांनी प्रयोग उधळायचा प्रयत्न केला, तेव्हा इंद्राने आपल्या ध्वजाचा दांडा उचलून त्या विघ्नांना जर्जर करून सोडलं. म्हणून त्या दांड्याचं नावच जर्जर पडलं. हे झालं खरं शस्त्र. त्याच प्रयोगात देवांनी नाटकवाल्यांना भेटीही दिल्या होत्या. त्यात ब्रह्मदेवाने काय दिलं? कुटिलक. वाकडी काठी! विदूषकाच्या हातात असते ती. म्हणजे रंगभूमीच्या पहिल्याच दिवशी इंद्राचं शस्त्र आणि विदूषकाचं शस्त्र शेजारी शेजारी ठेवलं गेलं. आपल्या पूर्वजांना दोन्हींची गरज कळत होती.

पुढे तमाशात सोंगाड्या आला. राजाच्या दरबारात उभा राहून राजाचीच फिरकी घेणारा. वसंत सबनिसांचं 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ साली आलं आणि दादा कोंडक्यांनी त्यातला हवालदार महाराष्ट्रभर गाजवला. कोतवालाच्या अधिकाराचा सगळा फुगा त्या वगाने हसत हसत फोडला. आणि बहुरूपी? आमच्या लहानपणी सुगी झाली की गावात खाकी कपड्यातला 'पोलीस' यायचा. शिट्टी, दांडका, मोठ्याने दरडावणं. आम्ही पोरं आधी घाबरायचो, मग दाराआडून हसायचो, आणि शेवटी आई सुपातून ज्वारी आणून त्याच्या झोळीत ओतायची. मला वाटतं, खऱ्या पोलिसाला न घाबरता पण आदराने कसं बोलायचं याचा पहिला धडा गावाला त्या खोट्या पोलिसाने दिला.

शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या तलवारी तर मीच वर्षानुवर्षं केल्या आहेत. जाड पुठ्ठा, वर बेगड, मुठीला काळी सुतळी. एका वर्षी ऐन लढाईत एका मावळ्याची तलवार मधोमध वाकली. सभामंडपात हशा. पोरगं डगमगलं नाही. त्याने तलवार गुडघ्यावर ठेवून सरळ केली आणि समोरच्याला म्हणालं, "हां, आता ये!" टाळ्या थांबेनात. शौर्य त्या पुठ्ठ्यात नव्हतं, हे पहिलीतल्या पोरालाही त्या क्षणी दिसलं.

आता चौकातल्या खऱ्या तलवारीकडे या. दृश्य तुम्हाला पाठ आहे. फ्लेक्सवर पन्नास फोटो. डीजे. मोटारसायकलच्या सीटवर ओळीने मांडलेले केक. उत्सवमूर्ती तलवार उपसते, केकवर मारते, मग दात दाखवत मोबाईलकडे बघते. दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ पोलिसांपर्यंत पोचतो. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ४ आणि २५. तिसऱ्या दिवशी तोच वीर हात जोडून दुसऱ्या व्हिडिओत, "माझ्याकडून चूक झाली, असं कुणी करू नका." महाराष्ट्रातल्या कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यातून ही बातमी सारखी येत असते. सांगा, गिल्गामेश कोण? फरक इतकाच की जपान्याने गिल्गामेश लोकांनी हसावं म्हणून रचला, आणि आपण आपल्या गिल्गामेशाला खांद्यावर घेऊन नाचतो.

याची मला विशेष चीड येते ती आपण कुठे राहतो यामुळे. हा तुळजाभवानीचा जिल्हा. आईने शिवरायांना तलवार दिली ही या मातीची श्रद्धा. नवरात्रात तुळजापुरी देवीची भवानी तलवार अलंकार महापूजा बांधली जाते, ती पाहताना आजही डोळे भरून येतात. महाराजांची म्हणून सांगितली जाणारी जगदंबा तलवार इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. भवानी तलवार परत आणू असं अंतुल्यांनी मुख्यमंत्री असताना १९८० च्या सुमारास जाहीर केलं, तेव्हा सारा महाराष्ट्र थरारला होता. २०२४ च्या जुलैत लंडनच्या संग्रहालयातून वाघनखं साताऱ्यात आली ती तीन वर्षांच्या मुदतीने. एका शस्त्राच्या नुसत्या दर्शनासाठी ज्या लोकांच्या रांगा लागतात, त्याच लोकांनी त्या तलवारीचं नाव घेऊन क्रीम कापायचं? अपमान थट्टेने होत नाही हो, अपमान याने होतो.

"मास्तर, पण ही शौर्याची परंपरा आहे." हेही ऐकून घेतलंय. परंपरा मलाही थोडीफार ठाऊक आहे. खंडेनवमीला आमच्याकडे शेतकरी विळा-कोयता-औत धुऊन त्याला हळदकुंकू लावतो, सुतार वाकस-रंधा मांडतो, एस.टी.चा ड्रायव्हर गाडीला झेंडूचा हार घालतो. जो ज्याने पोट भरतो ते त्याचं शस्त्र. जेजुरीला दसऱ्याला सुमारे ४२ किलोचा खंडा उचलण्याची चढाओढ लागते. कुणाचा केसही वाकडा होत नाही, आणि वर्षभर तालीम केल्याशिवाय तो उचलतही नाही. दांडपट्ट्याला २०२४ मध्ये राज्यशस्त्राचा मान मिळाला. तो फिरवायचा तर वस्तादाच्या हाताखाली वर्षं काढावी लागतात. या सगळ्यात कष्ट आहेत, शिस्त आहे, गुरू आहे. केकवाल्या तलवारीत काय आहे? पंधराशे रुपये आणि ऑनलाइन मागवण्याची अक्कल.

ज्यांनी खरी शस्त्रं पाहिली ते कधी मिरवत नव्हते, हेही सांगायला हवं. हैदराबादच्या पोलीस कारवाईत १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून आत शिरली आणि पहिल्याच दिवशी आमच्या नळदुर्गाजवळ लढाई झाली. त्याआधीचे रझाकारांचे महिने आमच्या वडीलधाऱ्यांनी काढले होते. रात्री पोरांना घेऊन ज्वारीच्या पिकात बसलेली ती माणसं. म्हातारपणीही तलवार हा शब्द निघाला की त्यांचा आवाज खाली जायचा.

आणि थट्टा ओळखता न येणाऱ्या समाजाचं काय होतं? बहुरूपी आता गावात यायला घाबरतात. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. त्यांच्या हातात शस्त्र नव्हतं. त्या जमावाला कुठल्या खेळाने चिथावलं नव्हतं. मोबाईलवरच्या अफवेने चिथावलं होतं. पिढ्यान् पिढ्या दारी येणारा माणूस ज्या गावाला ओळखू येत नाही, त्या गावाला सोंग कुठलं आणि संकट कुठलं हे कसं कळणार?

मोबाईलचे सगळेच खेळ सोज्ज्वळ आहेत असं माझं म्हणणं नाही. पोरांची झोप जाते, डोळे जातात, अभ्यास बुडतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये केंद्राने कायद्याने बंदी आणली ते उत्तमच झालं. त्या नादात कर्जबाजारी झालेली घरं आपल्याही भागात आहेत. पण सगळ्या खेळांना एकाच दावणीला बांधून 'तलवार दिसली की हिंसा' असं म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या चौकातला फ्लेक्स वाचावा. पोरं पडद्यावरून जेवढं शिकतात त्याहून जास्त आपण कुणासाठी टाळ्या वाजवतो ते पाहून शिकतात.

म्हणून तलवारीच्या केकाचं बोलावणं आलं तर जाऊ नका. गेलातच तर टाळी वाजवू नका. आणि जमलं तर मोठ्याने हसा. या रोगावर हसण्याइतकं जालीम औषध दुसरं नाही.

त्या गिल्गामेशाचं पुढे काय झालं, हे मी नातवाला विचारलंच. तर म्हणे तो शेवटी परत येतो, आणि ज्यांच्याशी जन्मभर लढला त्यांनाच वाचवण्यासाठी स्वतःचा जीव देतो. तेव्हा त्याच्या हातात कुठली तलवार होती हे कुणाच्या लक्षातही राहत नाही, असं नातू म्हणाला. आमच्या भावी नेत्यांचं पुढे काय होतं ते मात्र तुम्ही-आम्ही पाहतोच आहोत. पुढच्या वर्षी केक आणखी मोठा होतो.