निष्ठेचा जमाखर्च

जून २०२३ मध्ये पुण्याजवळील गहुंजे येथील मैदानावर महाराष्ट्र प्रीमियर लीग ही क्रिकेट स्पर्धा भरली आणि तिचे विजेतेपद ‘रत्नागिरी जेट्स’ या संघाकडे गेले. अंतिम सामना पावसाने पुरा होऊ दिला नाही. साखळीत अग्रस्थानी असल्याच्या बळावर रत्नागिरीची सरशी झाली. पुढील वर्षी, २०२४ साली, अझीम काझी यांच्याच नेतृत्वाखाली या संघाने अंतिम सामन्यात नाशिकच्या संघाला हरवून विजेतेपद राखले. एका जिल्ह्याच्या गावाचे नाव सलग दोन वर्षे राज्याच्या क्रिकेटमध्ये अग्रभागी झळकावे, ही रत्नागिरीकरांना अभिमान वाटावी अशीच गोष्ट होय. तथापि अभिमानाचा हा भर ओसरल्यावर एका साध्या प्रश्नाचा विचार करावयास हवा. रत्नागिरीचे नाव घेऊन खेळणाऱ्या संघाचे आणि प्रत्यक्ष रत्नागिरीचे नाते नेमके कोणते?

हे नाते खेळाचे आहे त्याहून अधिक व्यवहाराचे आहे. २०२३ साली सहा संघांचे हक्क तीन वर्षांसाठी लिलावाने विकले गेले. पुण्याच्या संघासाठी १४ कोटी ८० लाख रुपयांची बोली लागली. रत्नागिरीचा संघ पुण्यातील एका डिजिटल करमणूक कंपनीने आठ कोटींहून अधिक रक्कम देऊन घेतला. खेळाडूंचा लिलाव त्यानंतर झाला. म्हणजे बोली लागली तेव्हा विकत घेण्याजोगा एकही खेळाडू संघात नव्हता. मैदान नव्हते, प्रशिक्षक नव्हता, पूर्वपराक्रमही नव्हता. होते ते फक्त एका गावाचे नाव आणि त्या नावाशी जडलेली माणसांची ममता. आठ कोटींच्या व्यवहारात या ममतेचा वाटा किती, हे कोणत्याही ताळेबंदात लिहिलेले नसते. पण तो काहीच नव्हता असे कोण म्हणेल?

ग्राहक आणि भक्त

बाजारातील सामान्य ग्राहक आणि संघाचा चाहता यांत मूलभूत फरक आहे. साबण महाग झाला तर गृहिणी दुसरा साबण आणते. चहाची चव बिघडली तर कारकून समोरच्या उपाहारगृहात जातो. ग्राहक उठून जाऊ शकतो, या भीतीनेच विक्रेता भाव आणि प्रत यांबाबत सावध राहतो. खेळाच्या चाहत्याला ही सोय नाही. आपला संघ हरला म्हणून तो दुसऱ्या दिवशी प्रतिस्पर्ध्याचा झेंडा हाती घेत नाही. किंबहुना पराभवात साथ देणे हीच तो आपल्या निष्ठेची कसोटी मानतो. अर्थशास्त्राच्या परिभाषेत त्याची मागणी ताठर असते. तिकीट वाढले, जर्सीचा रंग दरवर्षी थोडा बदलून ती नव्याने विकावयास काढली, सामना दूरच्या शहरी नेला, तरी तो कुरकुर करील पण सोडून जाणार नाही.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रश्नाची मार्मिक चिकित्सा केली आहे. एखाद्या संस्थेचा कारभार घसरू लागला तर तिच्या माणसांपुढे दोन वाटा असतात : निघून जाणे किंवा आवाज उठवणे. निष्ठा ही पहिली वाट अडवून धरते. निष्ठावान माणूस लगेच निघून जात नाही, आणि म्हणूनच त्याच्या आवाजाला महत्त्व येते. यातून निघणारा निष्कर्ष खेळाच्या बाबतीत फार मोलाचा आहे. जेथे जाण्याची वाट निष्ठेने बंद आणि बोलण्याची वाट मालकाने बंद, तेथे निष्ठा हे केवळ दुभते जनावर होऊन बसते. संघांच्या जाहिरातयंत्रणेने गेल्या दोन दशकांत नेमके हेच ओळखले आहे.

मुंबई इंडियन्सचे उदाहरण सर्वांना परिचित आहे. २००८ साली सुरू झालेल्या या संघाने आपल्या चाहत्यांना ‘पलटण’ हे नाव दिले. मराठी मनाला जवळचा वाटणारा हा शब्द हेरण्यात चतुराई होती, हे मान्य केले पाहिजे. २०१३ ते २०२० या काळात या संघाने पाच विजेतेपदे मिळवली आणि पलटणही वाढत गेली. परंतु डिसेंबर २०२३ मध्ये रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्याला कर्णधार नेमण्यात आले, तेव्हा या पलटणीला कोणी विचारले नाही. पुढील हंगामात वानखेडे मैदानावर घरच्याच संघाच्या कर्णधाराची घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. हे वर्तन अशोभनीय होते. निर्णय ज्यांनी घेतला ते पडद्यामागे राहिले आणि शिव्याशाप मात्र खेळाडूच्या वाट्याला आले. त्याच वर्षी जुलैमध्ये विश्वचषक जिंकून आलेल्या भारतीय संघाचे स्वागत झाले, तेव्हा त्याच मैदानावर त्याच हार्दिकच्या नावाचा जयघोष झाला. यावरून प्रेक्षक चंचल आहेत असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. अधिक खरा निष्कर्ष असा की, ज्यांना पलटण म्हटले त्यांना मत मांडण्याचे कोणतेच सभ्य स्थान उपलब्ध नव्हते. बोलायला जागा नसली की माणसे ओरडतात.

कबड्डीची कथा मराठी माणसाला अधिक जवळची आणि म्हणूनच अधिक बोचणारी आहे. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हा मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांचे संघ तीत होते. गल्लीतल्या मातीतला हा खेळ दूरचित्रवाणीवर झळाळून दिसू लागला. यू मुंबाने २०१५ साली विजेतेपद मिळवले, पुणेरी पलटणने २०२४ साली. प्रारंभी स्पर्धेचा तांडा शहरोशहरी फिरत असे आणि प्रत्येक संघाला घरच्या प्रेक्षकांसमोर खेळावयास मिळत असे. साथीच्या काळात, २०२१-२२ चा सारा हंगाम, बंगळुरूमध्ये प्रेक्षकांविना पार पडला. ते अपरिहार्य होते. परंतु २०२५ च्या हंगामासाठी विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली ही चार शहरे निवडली गेली. महाराष्ट्रातील एकही नाही. त्या हंगामात पुणेरी पलटण अंतिम सामन्यापर्यंत पोहोचली आणि दिल्लीच्या संघाकडून दिल्लीतच हरली. पुण्याच्या चाहत्याने आपल्या संघाचा एकही सामना आपल्या गावी न पाहता सारा हंगाम निष्ठा बाळगली. चार शहरांत स्पर्धा आटोपल्याने खर्च वाचतो हे खरे. पण हा वाचलेला खर्च कोणाच्या पदरचा, याचा हिशेब मांडलेला दिसत नाही.

दुसरी बाजू

या साऱ्याची दुसरी बाजू आहे आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. पैसा आल्याशिवाय खेळाडूचे पोट भरत नाही. रेल्वेत, पोलिसात किंवा बँकेत चाकरी मिळावी यासाठी कबड्डी खेळणाऱ्या पिढ्या महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. २०१८ च्या लिलावात काही कबड्डीपटूंची बोली एक कोटी रुपयांच्या वर गेली, हा बदल प्रेक्षकांच्या निष्ठेला बाजारात भाव आला म्हणूनच घडला. महाराष्ट्र प्रीमियर लीगमुळे तालुक्याच्या गावचा गोलंदाज राज्यभर दिसू लागला. यातले काहीच वाईट नाही. जाहिरात हा गुन्हा नव्हे आणि नफा हे पाप नव्हे. रत्नागिरीत जूनमध्ये सामने का होत नाहीत, असे विचारणेही वाजवी ठरणार नाही. ज्या जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तेथे मृगाच्या तोंडावर क्रिकेट खेळवता येत नाही, आणि त्या दिवसांत शेतकरी भाताच्या पेरणीत गुंतलेला असतो.

प्रश्न नफ्याचा नाही, परताव्याचा आहे. आणि या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी परदेशी ग्रंथ चाळण्यापूर्वी कोकणाकडेच पाहिलेले बरे. निष्ठा म्हणजे काय हे या भूमीइतके कोणाला ठाऊक असणार? २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या आधीच्या दशकाच्या तुलनेत जवळजवळ पाच टक्क्यांनी घटली, आणि दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आढळल्या. घरचा कर्ता पुरुष पोटासाठी मुंबईस, हे या आकड्यांचे सरळ भाषांतर. पण गिरणगावातल्या खोलीत राहणाऱ्या चाकरमान्याने गावाशी नाते तोडले नाही. शिमग्याला आणि गणपतीला तो गावी आला, आणि एरवी त्याने ग्रामस्थ मंडळाच्या वहीत दरमहा वर्गणी भरली. त्या वर्गणीतून शाळेची खोली उभी राहिली, देवळाचे छप्पर बदलले, पाखाडी बांधली गेली. ही निष्ठा आंधळी नव्हती. मंडळाची वार्षिक सभा भरे, जमाखर्च मोठ्याने वाचला जाई, आणि चार आण्यांचा मेळ लागला नाही तरी कोणीतरी उठून उभा राहत असे. कोकणी माणसाची निष्ठा जितकी गाढ, तितकाच त्याचा हिशेब चोख. या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत असे त्याला कधी वाटले नाही.

क्रिकेटचेही तसेच. भात कापून मोकळ्या झालेल्या मळ्यात वाडीवाडीचे संघ रबरी वा टेनिसच्या चेंडूने झुंजतात. चषक गावातलाच कोणी देतो, प्रवेशशुल्काची रक्कम सर्वांना ठाऊक असते, आणि उरलेल्या पैशाचे काय झाले हे पारावर विचारता येते. या सामन्यांना प्रेक्षक जमवण्यासाठी कोणाला जाहिरातदार नेमावा लागत नाही. संघ गावाचा असतो, कारण गाव त्याला जाब विचारू शकते.

जाब विचारण्याचा हा हक्क मोठ्या प्रमाणावरही शक्य आहे, हे परदेशातील अनुभव सांगतो. जर्मनीतील फुटबॉलमध्ये १९९८ पासून असा नियम आहे की, मोजके अपवाद वगळता, क्लबातील बहुसंख्य मताधिकार सभासदांच्या संस्थेकडेच राहिले पाहिजेत. गुंतवणूकदाराने पैसा घालावा, पण घर त्याच्या नावे होत नाही. २०२४ च्या प्रारंभी तेथील लीगने आपल्या उत्पन्नातील हिस्सा बाहेरच्या गुंतवणूकदाराला देण्याचा बेत केला, तेव्हा प्रेक्षकांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने खोळंबवले आणि फेब्रुवारीत तो बेत सोडून द्यावा लागला. इंग्लंडात २०२१ साली सहा धनाढ्य क्लबांनी युरोपातील स्वतंत्र लीगमध्ये जाण्याचे ठरवले आणि चाहत्यांच्या संतापापुढे दोनच दिवसांत माघार घेतली. त्यानंतर, २०२५ साली, क्लबांनी चाहत्यांशी विचारविनिमय केला पाहिजे असा कायदाच तेथे झाला.

आपल्याकडे याची सुरुवात लहान प्रमाणात होऊ शकते. वानखेडे स्टेडियमचा जन्मच आसनांच्या भांडणातून झाला. ब्रेबर्न मैदानावरील तिकिटांच्या वाटपावरून क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबई क्रिकेट संघटना यांत वितुष्ट आले आणि संघटनेने जवळच स्वतःचे मैदान उभारले. १९७५ च्या जानेवारीत तेथे पहिला कसोटी सामना झाला. पण ते भांडण दोन संस्थांचे होते. साध्या प्रेक्षकाची बाजू त्यात कोणी मांडली नव्हती, आणि आजही ती मांडणारी संस्था नाही. ही उणीव भरून काढणे हे चाहत्यांचेच काम आहे.

गावाचे नाव लावणाऱ्या प्रत्येक संघाकडून तीन गोष्टींची अपेक्षा धरणे मुळीच अवाजवी नाही. पाऊस सरल्यावर, नोव्हेंबर ते मे या काळात, संघाने काही दिवस त्या जिल्ह्यात यावे. सराव करावा, शाळांच्या मुलांसमवेत खेळावे आणि तालुक्यांतून खेळाडू शोधावेत. जर्सी आणि तत्सम वस्तूंच्या विक्रीतील ठरावीक हिस्सा जिल्ह्यातील मैदानांसाठी राखून ठेवावा, आणि तो किती होता व कोठे खर्च झाला हे दरवर्षी जाहीर करावे. तिसरी गोष्ट अशी की, संघाचे नाव, रंग किंवा घरचे मैदान बदलण्यापूर्वी प्रेक्षकांच्या प्रतिनिधींशी बोलावे. हक्क विकताना क्रिकेट संघटनेनेच या अटी करारात घातल्या तर मालकाच्या मर्जीचा प्रश्न उरणार नाही. आणि सर्वांना सारख्याच अटी असल्या तर कोणाही एकाचा तोटा होणार नाही.

मालकांनाही यात हित आहे. जाहिरातीने मिळवलेली गर्दी विजयाबरोबर येते आणि पराभवाबरोबर पांगते; मैदान बांधून मिळवलेली निष्ठा पिढ्यान्‌पिढ्या टिकते. कंपनी तीन वर्षांच्या करारावर येते. गाव करारावर आलेले नाही. म्हणूनच शाळेतील मुलाने रत्नागिरीच्या नावाची जर्सी हौसेने अंगात घालावी, तिचे पैसेही आनंदाने द्यावेत. फक्त त्या पैशातून आपल्या शाळेच्या मैदानाला काय मिळाले, एवढे विचारण्याची सवय त्याच्या शिक्षकांनी त्याला लावावी. त्याच्या आजोबांनी मंडळाच्या सभेत उभे राहून हेच विचारले होते, आणि त्यामुळे त्यांचे गावावरील प्रेम यत्किंचितही उणे ठरले नव्हते.