घेणारा एक, पाहणारे दुसरे

दिवाळीची खरेदी म्हणजे पूर्वी काय असे? पोराबाळांना कपडे, घरात तेल-उटणे, फराळाचे सामान, आणि हातात चार पैसे उरलेच तर एखादे तांब्यापितळेचे भांडे. आता त्या यादीत एक नवे नाव येऊन बसले आहे आणि ते साऱ्या यादीला भारी पडते. मालवण, कुडाळ, कणकवली, सावंतवाडी, कोणत्याही बाजारपेठेत एक फेरी मारा. विजेच्या वस्तूंच्या दुकानात टी.व्ही.ची रांग मांडलेली दिसेल. एका पडद्यावर पोपट, दुसऱ्यावर समुद्रातले रंगीत मासे. ज्यांच्या दारात खरा समुद्र आहे ती माणसेसुद्धा त्या काचेतल्या माशांकडे टक लावून उभी राहतात. मग दुकानदार जवळ येतो आणि 'फोर-के', 'क्यूलेड', 'एच.डी.आर.' असे मंत्र म्हणू लागतो. मंत्राचा अर्थ विचारू नये, असा आपल्याकडचा शिरस्ताच आहे. पण या मंत्रांची दक्षिणा मोठी असल्यामुळे तो विचारलेला बरा.

त्यातून सरकारनेही मोह वाढविला आहे. ३२ इंचांपर्यंतच्या टी.व्ही.वरील जी.एस.टी. २०१९ च्या जानेवारीपासूनच १८ टक्के होता. त्याहून मोठ्यांवर मात्र २८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्यांवरचा करही १८ टक्क्यांवर आला. 'कर वाचतो म्हणून लहान घ्या' हा जुना हिशेब आता उरला नाही. मग किती मोठा घ्यावा, आणि किती स्पष्ट?

आधी ही स्पष्टता म्हणजे काय ते पाहू. टी.व्ही.चे चित्र ठिपक्यांचे असते, जशी दारातली ठिपक्यांची रांगोळी. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, १९८२ साली रंग आले, १९८७ साली 'रामायणा'च्या वेळी ज्याच्या घरी टी.व्ही. त्याच्या ओटीवर सगळी वाडी जमू लागली. त्या सर्व काळात चित्र ६२५ रेघांचे होते आणि त्यांतल्या ५७६ रेघाच डोळ्यांना दिसत. छपरावरची अँटेना म्हणजे हुबेहूब बांगड्याचा काटा. तो काटा वाऱ्याने फिरला की सीतामाईला मुंग्या येत, आणि घरातला एखादा धाकटा वर चढून "आता दिसतं काय?" म्हणून ओरडत असे.

त्या पद्धतीचे चित्र आजच्या भाषेत मोजले तर आडवे ७२० आणि उभे ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार ठिपके. 'फुल एच.डी.' म्हणजे १९२० गुणिले १०८०, जवळजवळ २१ लाख. 'फोर-के' म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख. आणि 'एट-के' नावाचा जो नवा अवतार आहे, त्यात सव्वातीन कोटींवर ठिपके असतात. आकडे ऐकून छाती दडपते. पण वाचकहो, ठिपके पडद्यात आहेत एवढ्याने भागत नाही. ते चित्रात असावे लागतात आणि ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांना दिसावे लागतात.

चित्राचे पाहा. आपल्या गावोगावच्या घरांत डी.डी. फ्री डिशची छत्री किंवा साधा केबलचा जोड असतो, आणि त्यावरच्या बहुतेक वाहिन्या अजून त्या जुन्याच ४ लाख ठिपक्यांच्या आहेत. असे चित्र ८३ लाखांच्या पडद्यावर लावले की दर वीस ठिपक्यांपैकी एक ठिपका काय तो खरा येतो. उरलेले एकोणीस यंत्र आजूबाजूला पाहून अंदाजाने भरते. चांगले यंत्र हा अंदाज चांगला बांधते, स्वस्त यंत्र वाईट. म्हणून कित्येक घरांत नव्या मोठ्या टी.व्ही.वर बातम्या लावल्या की निवेदिकेचा चेहरा मेणाचा वाटतो आणि घरातले म्हणतात, "जुन्यावरच बरं दिसत होतं!" ते खोटे बोलत नसतात.

फोर-केचे खरे चित्र येते ते मुख्यतः इंटरनेटवरून. त्याला सेकंदाला १५ ते २५ मेगाबिटांचा अखंड वेग लागतो आणि तासाला सात जी.बी.पर्यंत डेटा खर्च होतो. घरात फायबरची तार आली असेल तर हरकत नाही. पण मोबाइलच्या रोजच्या दोन जी.बी.वर भिस्त असेल, तर सिनेमातली नावे संपून कथा रंगात येते न येते तोच डेटा संपलेला असेल.

आता डोळ्यांचे. निर्दोष दृष्टीच्या माणसाला अंशाच्या साठाव्या भागाएवढे अंतर वेगळे ओळखता येते. या हिशेबाने ४३ इंची फुल एच.डी. पडद्याचे ठिपके साडेपाच फुटांपलीकडून वेगळे दिसत नाहीत. ५५ इंचीचे सात फुटांपलीकडून. तुम्ही दहा फुटांवर बसत असाल तर फुल एच.डी. आणि फोर-के यांतला फरक कळायला पडदा ७५ इंचांहून मोठा हवा. ज्यांना मोतीबिंदू आहे, चष्म्याचा नंबर तीन वर्षांत तपासलेला नाही, त्यांची तर गोष्टच नको. तेव्हा घरून निघण्यापूर्वी एक काम करा. टी.व्ही.ची भिंत आणि बसायची जागा यांतले अंतर टेपने मोजा, त्याचे इंच करा. त्याला अडीचने भागले की लहानात लहान योग्य पडदा मिळेल आणि दीडने भागले की मोठ्यात मोठा. आठ फूट म्हणजे ९६ इंच. तेव्हा ३८ ते ६४. साध्या वाहिन्या पाहणाऱ्याने लहान आकड्याच्या जवळ राहावे, नेटवरचे सिनेमे आणि क्रिकेट पाहणाऱ्याने मोठ्या.

याचा अर्थ फोर-के घेऊच नये असा नाही. ५० इंच आणि त्यापुढे आज बाजारात मिळतात ती बहुतेक यंत्रे फोर-केच असतात. तो शब्द आपोआप पदरात पडतो. फक्त त्या शब्दासाठी जादा पैसे मोजू नयेत. एट-केसाठी तर मुळीच नकोत. वाचलेले पैसे कुठे घालावेत ते पुढे सांगतो.

एक, काळोख. चित्राची खरी परीक्षा उजेडात नसून अंधारात होते. 'रात्रीस खेळ चाले' ही आकेरी गावात चित्रित झालेली मालिका २०१६ साली सुरू झाली, ती तुम्हांला आठवत असेल. तसल्या एखाद्या मालिकेतला रात्रीचा प्रसंग दुकानात लावायला सांगा. काळा रंग काळा दिसतो की राखाडी? कोपऱ्यात उभा असलेला माणूस ओळखू येतो की नुसता डाग? पोपट आणि मासे सगळ्याच टी.व्ही.वर सुंदर दिसतात. त्यासाठीच ते लावलेले असतात. दुकानातला टी.व्ही. झगमगीत रंगांवर ठेवलेला असतो, तो घरच्यासारख्या साध्या रंगांवर करायला सांगा आणि मग सह्याद्री वाहिनीच्या बातम्या लावून पाहा. दुकानदार कुरकुर करील. करू द्या.

दोन, बाजूने पाहणे. आपल्याकडे माणसे एका सोफ्यावर शिस्तीत बसत नाहीत. कोणी झोपाळ्यावर, कोणी उंबरठ्यावर, कोणी भाजी निवडत कोपऱ्यात. काही पडद्यांचे रंग बाजूने पाहिले की उडतात. तेव्हा दुकानात पडद्यासमोर उभे न राहता दोन्ही बाजूंना जाऊन पाहा. खळ्याकडचे दार उघडे असले की त्याचा उजेड पडद्यावर पडतो. आरशासारख्या चकचकीत पडद्यावर मग मालिकेऐवजी तुळशीवृंदावन दिसते.

तीन, आवाज. पडदे जितके पातळ झाले तितके त्यांचे आवाज किरटे झाले. आषाढात पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की समोरच्याचे बोलणे ऐकू येत नाही, तिथे या नाजूक यंत्राचे काय ऐकू येणार? फोर-केच्या नावाखाली जे पैसे जातात त्यांतून एखादा बरा साउंडबार घ्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्याचा उपयोग जास्त.

चार, आपली हवा. हे शहरातल्या माहितीपत्रकांत सापडायचे नाही. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि समुद्रावरून येणारा खारा वारा, यांत लोखंडाची जी गत होते तीच आतल्या नाजूक तारांची होते. टी.व्ही. समुद्राकडच्या खिडकीच्या वाऱ्यात ठेवू नये. रोज वापरातले यंत्र आतल्या उबेने कोरडे राहते. बंद घरातले ओल धरते. म्हणून जे घर गणपती ते शिमगा एवढेच उघडते, तिथे महागडा टी.व्ही. ठेवणे म्हणजे वाळवीला फर्निचर देण्यासारखे आहे. घर उघडल्यावर लगेच बटण दाबू नये. खिडक्या उघडून हवा खेळू द्यावी, दुसऱ्या दिवशी चालू करावा. चालू यंत्रावर कापडी झाकण नको. पाली आणि मुंग्या आत शिरतात त्या मागच्या फटींतून, तेव्हा ती बाजू अधूनमधून झटकावी. पडद्यावर पाणी शिंपडू नये, मऊ कोरडे फडके पुरे.

चिऱ्याच्या भिंतीची गोष्टही ध्यानात ठेवा. चिरा सच्छिद्र, जुन्या भिंतीत तर सांध्यांना माती. शहरातून आलेला बसविणारा माणूस काँक्रीटच्या हिशेबाने दोन इंची खिळा ठोकून मोकळा होतो. भिंत जाणणाऱ्या गवंड्याला आधी विचारा. शंका असेल तर सरळ भक्कम टेबलावर ठेवा.

आणि वीज. आजच्या टी.व्ही.त साधारण १०० ते २४० व्होल्टपर्यंत निभावण्याची सोय असते, तेव्हा वेगळा स्टॅबिलायझर बहुधा लागत नाही. मागच्या पट्टीवर तो आकडा वाचून खात्री करा. लागते ते चांगले अर्थिंग आणि विजेचा झटका अडविणारी पट्टी. पण मे-जून आणि ऑक्टोबरातल्या गडगडाटात कोणत्याही पट्टीवर विसंबू नये. प्लग काढावा आणि छत्रीची वायरही काढावी; वीज दोन्ही वाटांनी येते. मुसळधार पावसात छत्रीवरचे चित्र गोठते, तो टी.व्ही.चा दोष नव्हे. त्या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते आणि दाट पाऊस त्यांना शोषतो. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने किनाऱ्यावरची वीज कित्येक दिवस घालविली, तेव्हा बातमी कळत होती ती ज्यांच्याकडे सेलवरचा रेडिओ होता त्यांना. नवा टी.व्ही. घेतला म्हणून तो रेडिओ भंगारात देऊ नका.

इतके सारे सांगून झाले तरी मुख्य गोष्ट राहिलीच. आपल्या जिल्ह्यात टी.व्ही. घेणारा एक असतो आणि पाहणारे दुसरे. घेणारा मुंबईला, ठाण्याला, पुण्याला नोकरीला. तो चतुर्थीला किंवा दिवाळीला येतो, आईबापांसाठी हौसेने मोठा टी.व्ही. घेतो, चार दिवस त्यावर सिनेमे लावतो आणि आपल्या मोबाइलच्या नेटसकट परत जातो. मागे राहतात दोन म्हातारी माणसे आणि एक रिमोट, ज्यावर आकड्यांची बटणेच नाहीत! चुकून भलते बटण दाबले की पडदा पासवर्ड मागतो. मग शेजारचा शाळकरी पोर येईपर्यंत ८३ लाख ठिपके काळेच. मुलगा फोनवर सांगतो, "आये, फोर-के आसा तो!" आणि आये म्हणते, "झिला, माका अक्षरां दिसाक व्हयी आणि बोलणा आयकाक येवक व्हया." टी.व्ही. कसा निवडावा यावर याहून नेमके कोणी काही सांगितलेले नाही.

वर्षाचे अकरा महिने ज्या घरात दोनच माणसे असतात, तिथे तो टी.व्ही. करमणुकीहून जास्त काहीतरी असतो. संध्याकाळी दिवा लागल्यावर घरात तिसरा आवाज असतो तो त्याचाच. तेव्हा घेणाऱ्या मुलांनी एवढे करावे. आकडे असलेला साधा रिमोट चालतो का ते दुकानातच पाहावे. टी.व्ही. चालू होताच थेट नेहमीची वाहिनी लागेल अशी योजना करून द्यावी. अक्षरे मोठी करावीत. नेटचा जोड देणार असाल तर त्याचे मासिक बिल आपण भरावे. कंपनीचा दुरुस्ती करणारा माणूस तालुक्याला येतो की कोल्हापूरहून यायचा, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. पडदा फुटला तर दुरुस्ती जवळजवळ नव्या यंत्राच्या किमतीला जाते. पक्के बिल घ्यावे, हमीपत्रावर तारीख आणि शिक्का घ्यावा. तक्रार उद्भवलीच तर ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे, आणि २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. दुकान मुंबईचे असले तरी.

जुना डबा टी.व्ही. मात्र व्हाळात किंवा खाडीत ढकलू नका. त्याच्या काचेत शिसे असते आणि त्याच पाण्यातली मासळी आपल्या ताटात येते. ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडेच तो जाऊ द्या.

आणि दुकानात जाताना ज्यांच्यासाठी घ्यायचा त्यांनाही बरोबर न्या. त्यांना दहा फुटांवर खुर्ची द्यायला सांगा, बातम्या लावा, रिमोट त्यांच्या हातात द्या आणि आपण गप्प उभे राहा. कोणता घ्यायचा ते दहा मिनिटांत कळेल. वाचकांस ही दीपावली सुखाची जावो!