कॅमेऱ्याच्या डोळ्याला माणूस कसा दिसतो?

आज कारखान्याच्या गेटवर, रेल्वे स्टेशनवर, बँकेत, एवढेच काय पण गल्लीतल्या किराणा दुकानातही कॅमेरा टांगलेला दिसतो. पूर्वी पडद्याकडे बघत बसलेला एखादा वॉचमन असे. आता पुष्कळ ठिकाणी ते काम संगणकाकडे गेले आहे. कोण आले, कोण गेले, कोण कुठे किती वेळ उभे राहिले, याची नोंद यंत्र ठेवू लागले आहे. आपले कितीतरी बांधव आणि भगिनी अशाच ठिकाणी राबतात. म्हणून हे यंत्र नेमके कसे बघते, ते आपल्या घरोघरी समजले पाहिजे असे आम्हाला वाटते. जे समजत नाही त्याची एकतर भीती वाटते, नाहीतर त्यावर आंधळा विश्वास बसतो. तथागतांच्या धम्मात या दोहोंनाही जागा नाही.

व्हिडिओ म्हणजे एकामागून एक दाखवलेले स्थिर फोटो. एका सेकंदात असे २५ ते ३० फोटो डोळ्यांपुढून सरकतात आणि आपल्याला चित्र हलल्यासारखे वाटते. प्रत्येक फोटो लाखो ठिपक्यांचा बनलेला असतो. ठिपका किती उजळ आहे, हे साधारणपणे ० ते २५५ या आकड्यांत लिहिलेले असते. संगणकाच्या हाती पडतात ते हे आकडे. त्यांच्यातून माणूस, सायकल, मोटार शोधायची आणि ती एका फोटोतून दुसऱ्या फोटोत कुठे गेली ते सांगायचे, हे खरे काम आहे.

सर्वांत सोपा उपाय वजाबाकीचा. रिकाम्या रस्त्याचे चित्र यंत्राजवळ ठेवायचे आणि आताच्या चित्रातून ते वजा करायचे. जे उरेल ते नवीन आलेले. ऐकायला सोपे, पण झाडाची पाने हलतात, ढग येतो, सावली सरकते, आणि यंत्राला सगळीकडेच हालचाल दिसू लागते. यावर १९९९ साली अमेरिकेतील स्टॉफर आणि ग्रिमसन या संशोधकांनी अशी रीत मांडली, की प्रत्येक ठिपका नेहमी कोणकोणत्या रंगांत असतो हे यंत्राने सतत शिकत राहावे. पण तिथेही एक अडचण उरतेच. एखादा माणूस बराच वेळ न हलता बसून राहिला, तर यंत्र हळूहळू त्याला भिंतीसारखाच पार्श्वभूमीचा भाग समजू लागते.

दुसरा उपाय म्हणजे ठिपक्यांचे लहान लहान पुंजके कोणत्या दिशेने सरकले ते मोजणे. १९८१ साली ब्रूस ल्यूकस आणि ताकेओ कानाडे यांनी त्याचे गणित मांडले. कानाडे हे आडनाव आपल्याकडचे वाटले, तरी हे शास्त्रज्ञ जपानी आहेत.

तिसरा उपाय अंदाजाचा. उंच उडालेला झेल घेणारा खेळाडू चेंडू पुढे कुठे येईल याचा अंदाज बांधून धावतो आणि चेंडू दिसेल तसा तो अंदाज सुधारत जातो. हीच गोष्ट रुडॉल्फ कालमन यांनी १९६० साली गणितात बसवली. चंद्रावर माणूस नेणाऱ्या अपोलो यानाला वाट दाखवण्यासाठी ती वापरली गेली. पण रस्त्यावर एकाच वेळी दहा माणसे चालत असतील, तर कोणता अंदाज कोणाचा? इथे हॅरोल्ड कून यांची १९५५ सालची रीत कामी येते. मुकादमाजवळ दहा मजूर आणि दहा कामे आहेत; कोणाला कोणते काम दिले म्हणजे एकूण खर्च कमीत कमी येईल, असा तो मूळ प्रश्न. मजुरांच्या जागी अंदाज ठेवा आणि कामांच्या जागी दिसलेली माणसे ठेवा, की जुळणी होते. या दोन जुन्या रीती एकत्र करून २०१६ साली ‘सॉर्ट’ नावाची पद्धत तयार झाली.

या साऱ्याच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. आधीच्या फोटोतला माणूस आणि या फोटोतला माणूस एकच कशावरून? आपल्या वाचकांना हा प्रश्न परका वाटू नये. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात भदंत नागसेन मिलिंद राजाला दिव्याचे उदाहरण देतात. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातील ज्योत आणि शेवटच्या प्रहरातील ज्योत एकच का? तीच म्हणता येत नाही आणि वेगळीही म्हणता येत नाही. प्रवाह मात्र अखंड असतो. संगणकही तो प्रवाहच धरू पाहतो. प्रवाह तुटला की ओळख तुटते.

याचा चांगला उपयोग आपण क्रिकेटमध्ये पाहतो. पॉल हॉकिन्स या इंग्रज तंत्रज्ञाने तयार केलेली ‘हॉक-आय’ ही यंत्रणा २००१ साली लॉर्ड्‌सच्या कसोटीत दूरदर्शन प्रक्षेपणात प्रथम वापरली गेली. मैदानाभोवतीच्या अनेक कॅमेऱ्यांची चित्रे जुळवून ती चेंडूचा मार्ग काढते आणि चेंडू पॅडवर आदळला नसता तर कुठे गेला असता, ते दाखवते. पायचीतचा निर्णय अगदी काठावरचा असेल, तर मैदानावरील पंचाचाच निर्णय कायम राहतो. यंत्राच्या अंदाजाला मर्यादा आहे, हे खेळाच्या नियमातच मान्य केले आहे.

सगळीकडे मात्र एवढी सावधगिरी नसते. १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, टेम्पी शहरात, उबर कंपनीची आपोआप चालणारी मोटार चाचणीसाठी रस्त्यावर होती. ४९ वर्षांची एक स्त्री सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती. धडकेच्या ५.६ सेकंद आधीच यंत्राला तिची चाहूल लागली होती. पण ही वस्तू कोणती, हे यंत्राला ठरवता येईना. कधी त्याने तिला वाहन म्हटले, कधी ‘इतर’, कधी सायकल. आणि दर वेळी नाव बदलले, की ती आधी कुठून कुठे चालत आली हा इतिहास यंत्र सोडून देई. म्हणून ती पुढे कुठे जाणार, हे त्याला वेळेत उमगलेच नाही. ती बाई जागीच उभी नाही, आपल्या वाटेत येत आहे, हे कळले तेव्हा फार उशीर झाला होता. पादचारी माणूस म्हणून तिची नोंद यंत्राने एकदाही केली नाही. कारण झेब्रा पट्टे नसलेल्या ठिकाणीही माणसे रस्ता ओलांडतात, हे ते यंत्र घडवणाऱ्यांनी त्यात घातलेच नव्हते.

ज्यांनी आपली नोंद माणूस म्हणून व्हावी यासाठी पिढ्यान्‌पिढ्या झगडा केला, त्यांना या घटनेचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पुढे काय झाले, तेही ऐका. मोटारीत देखरेखीसाठी बसलेली कर्मचारी त्या वेळी फोनकडे पाहत होती. सरकारी चौकशी मंडळाने २०१९ साली तिच्या दुर्लक्षावर ठपका ठेवला, तसाच कंपनीच्या ढिसाळ सुरक्षाव्यवस्थेवरही ठेवला. फौजदारी खटला मात्र त्या एकट्या कर्मचारी बाईवर चालला. २०२३ साली तिने गुन्हा कबूल केला. कंपनीवर फौजदारी गुन्हा दाखल झाला नाही.

दुसरे एक उदाहरण शीलाचे. चित्रातील वस्तू क्षणात ओळखणारी ‘योलो’ नावाची पद्धत जोसेफ रेडमन या तरुण संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांबरोबर तयार केली. ती जगभर गाजली. पण आपल्या कामाचा उपयोग युद्धासाठी आणि लोकांवर पाळत ठेवण्यासाठी होतो आहे, हे पाहून २०२० साली त्याने या विषयातले संशोधन थांबवल्याचे जाहीर केले. बाबासाहेबांनी शिक्षणाबरोबर शीलाचा आग्रह का धरला, ते अशा वेळी कळते.

म्हणून आमचे सांगणे दोन प्रकारचे आहे. पहिले आईवडिलांना. मुलगा असो की मुलगी, त्यांना गणितापासून पळू देऊ नका. वर सांगितलेल्या साऱ्या रीती शाळा-कॉलेजातल्या बीजगणितावर, भूमितीवर आणि संभाव्यतेवर उभ्या आहेत. ‘ओपनसीव्ही’ नावाचे साधन फुकट मिळते आणि साध्या संगणकावर चालते. त्यावर आपली मुले स्वतः प्रयोग करू शकतात. झेब्रा पट्टे नसलेल्या वस्तीत वाढलेले पोर यंत्र घडवणाऱ्यांत असेल, तर तिथली माणसे कुठून रस्ता ओलांडतात, हे त्याला कोणी शिकवावे लागणार नाही.

दुसरे कामगारांना. कामावर कॅमेरा असेल, तर युनियनमार्फत विचारा: चित्रण कोण पाहते? किती दिवस ठेवतात? यंत्राने ‘जागेवर नव्हता’ असे लिहिले, तर ते चित्रण आम्हाला दाखवणार का? आणि पगार कापण्याचा अंतिम निर्णय माणूस घेणार की यंत्र? हे विचारणे उद्धटपणा नव्हे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले, की खाजगीपणा हा मूलभूत हक्क असून संविधानाच्या २१ व्या कलमातील जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कातच तो सामावलेला आहे. बाबासाहेबांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेल्या संविधानाचे हे संरक्षण झाडू मारणाऱ्या हातालाही आहे.

यंत्राला नमस्कार घालू नका आणि त्याच्यावर दगडही मारू नका. ते कसे चालते ते शिका, आणि ते चुकले तर चुकले म्हणून सांगा.

जयभीम! नमो बुद्धाय!