तुंबाडात उजाडलं

लातूरच्या मेहुण्यानं दिवाळीत प्रोजेक्टर घेतला आणि तेव्हापासून रोज रात्री त्याचा फोन. "दाजी, तुमच्यापेक्षा माझा क्लिअर हाय." माझा चार वर्षांचा, थ्री एलसीडी जातीचा, त्याचा डीएलपी. फोनवर निकाल लागेना, तेव्हा एका शनिवारी माझं यंत्र जुन्या चादरीत गुंडाळलं, गाडीत टाकलं आणि नांदेडहून निघालो.

लोह्याच्या पुढं माळेगाव लागतं. इथल्या खंडोबाच्या जत्रेत लहानपणी तंबूतला सिनेमा पाहिलाय. पडदा मळका, मधोमध शिवण, रीळ दर अर्ध्या तासाला तुटायचं. तरी चित्र असं उठून दिसायचं, की अजून डोळ्यांपुढं आहे. तंबूवाल्याकडं काय दिव्य यंत्र होतं कोण जाणे, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

लातुरात पोचल्यावर चहाही न घेता दोन्ही यंत्रं एका टेबलावर मांडली. भिंत एकच, सिनेमा एकच, चित्र दोघांचं १०० इंची. हा नियम मी आधीच घालून घेतला होता, कारण १०० इंचांचं चित्र १५० केलं, की क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं आणि तेवढाच उजेड पातळ होऊन पसरतो. लोक मोठं चित्र बघून यंत्राला फिकं म्हणतात.

पहिली फेरी ट्यूबलाइट चालू ठेवून. ती मी जिंकलो. डीएलपीच्या घरगुती यंत्रात बहुधा एकच चिप असते. तिच्यावर लाखो बारके आरसे. ही करामत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांची, १९८७ सालची. दिव्याच्या वाटेत रंगांची चकती गरागरा फिरते. लाल, हिरवा, निळा एकामागून एक भिंतीवर पडतात आणि डोळा त्यांची मोळी बांधतो. चकतीत बऱ्याचदा पांढरा तुकडाही बसवलेला असतो. त्यानं पांढरं झगमगतं, पण साड्यांचे रंग उतरतात. माझ्यात तिन्ही रंग तीन पॅनेलांमधून एकदमच येतात.

सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. खाली सुपात बघायच्या, मान वर करून भिंतीकडं बघायच्या. डीएलपीवर नावं सुरू झाली, काळ्यावर पांढरी अक्षरं, तशा म्हणाल्या, "ह्याच्यात लाल-हिरवं काय चमकायलंय बाई?" सगळे हसले. मोतीबिंदू काढलाय म्हणून तसं दिसतं, असा निकालही लागला. मी तेवढा हसलो नाही. नजर झटकन फिरली, की काही डोळ्यांना ते तीन रंग सुटे दिसतात. सगळ्यांना नाही दिसत. दुकानात पाच मिनिटं उभं राहून तर कळतच नाही.

मग दिवे बंद करून 'तुंबाड' लावला. वाडा, पाऊस, कंदिलाचा उजेड. माझ्या यंत्राची पाळी आली आणि मेहुणा ओरडला, "दाजी, तुमच्या तुंबाडात उजाडायलंय!"

खरंच उजाडलं होतं. वाड्यातला अंधार राखेच्या रंगाचा दिसत होता. वर डाव्या कोपऱ्यात एक हिरवट डाग. आपल्याकडची धूळ आत शिरून पॅनेलवर बसली, की असा डाग पडतो. पण राखेचं दुखणं वेगळं. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, तो फक्त उजेड टाकतो. काळं म्हणजे जिथं उजेड अडवला ती भिंत, आणि माझं पॅनेल उजेड पुरता अडवत नाही. खोक्यावर काळ्याबद्दल धड काही छापत नाहीत. ल्युमेन छापतात, 'फोर के सपोर्ट' छापतात. त्या सपोर्टचा अर्थ एवढाच, की ८३ लाख ठिपक्यांचं चित्र यंत्र आत घेतं. स्वस्तातलं असलं तर भिंतीवर नऊ लाखच ठिपके सोडतं.

हरलो म्हणून यंत्र गुंडाळायला लागलो, तेवढ्यात लक्षात आलं, की आपली सावली भिंतीवर पडलीय. खिडकीतून रस्त्यावरचा दिवा सरळ भिंतीवर येत होता. सासूबाईंची काळी घोंगडी, माळेगावच्याच जत्रेतली, खिळ्यांना अडकवली. शेजारच्या पांढऱ्या भिंतीवरून चित्राचाच उजेड उलटून येत होता, तिथं सतरंजी टांगली. पुन्हा माझंच यंत्र लावलं. मेहुणा बराच वेळ गप्प बसला.

त्याचा काळा अजूनही माझ्यापेक्षा गडद होता, नाही म्हणत नाही. पण दोन यंत्रांत जेवढं अंतर होतं, त्याहून जास्त फरक त्या घोंगडीनं पाडला. तेव्हा माळेगावचा तंबू कळला. ती जत्रा भरते मार्गशीर्षातल्या अमावास्येच्या तोंडावर. तंबूवाल्याला अंधार फुकटात मिळत होता.

रविवारी परत येताना वजिराबादेत थांबलो. घरी पिशवी उघडून बायकोनं काळं जाड कापड हातात धरलं.

"पडदा आणतो म्हणाला होतात ना, सिनेमाचा? हा तर खिडकीचा हाय."

"तोच सिनेमाचा," म्हणालो आणि स्टूल आणायला गेलो.