कप्प्यात कोंडलेला खर्ज

ओळखीत कुणी नवं घर घेतलं की वास्तुशांतीला जाणं होतं, आणि हॉलमध्ये हमखास ते टीव्ही युनिट दिसतं. त्यात स्पीकरसाठी दोन कप्पे, अगदी मापात केलेले. स्पीकर आत सरकवला की वर बोटभर जागा उरते, मागे तेवढीही नाही. लॅमिनेट चकचकीत, वायरी गायब, सगळे खूश. मग कुणीतरी गाणं लावतं आणि डग्गा असा वाजतो की रिकाम्या पिंपावर थापा मारल्यासारखं वाटतं. चार महिन्यांनी यजमानांचा फोन येतो, ‘स्पीकर बदलावेत म्हणतोय, तुम्हाला यातलं कळतं ना?’

माझं उत्तर ठरलेलं आहे. स्पीकर राहू द्या, त्यांना कप्प्यातून बाहेर काढा. शाळेत पदार्थविज्ञान शिकवण्यात माझी नोकरी गेली आणि गाणं ऐकण्याचा नाद त्याहून जुना, त्यामुळे हे मी जरा हट्टानेच सांगते.

स्पीकरमधून निघालेला उंच स्वर बराचसा समोर जातो. खालचा स्वर मात्र सगळीकडे पसरतो, मागेसुद्धा. मागच्या भिंतीवर आपटून तो परत येतो. स्पीकरचं तोंड भिंतीपासून दोन फुटांवर असेल, तर परतणारा आवाज चार फूट जास्त चाललेला असतो. साधारण 140 हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी आठ फूट, म्हणजे चार फूट झाली निम्मी. थेट येणारी लाट वर असताना परतलेली लाट खाली असते आणि दोघी एकमेकींना खातात. आता 140 म्हणजे काय? काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य सप्तकातला षड्ज 138 च्या आसपास येतो. बुवा सा लावतात आणि तुमची भिंत तो गिळते! स्पीकर अर्धा फूट पुढे-मागे केला की खड्डा दुसऱ्या स्वरावर सरकतो. मागची भिंत आणि बाजूची भिंत यांच्यापासूनची अंतरं एकसारखी ठेवली नाहीत, तर तो उथळही होतो. या दुरुस्तीला एक रुपया लागत नाही.

कोपऱ्यात उलटं घडतं. तिथे दोन भिंती आणि जमीन मिळून खालचे स्वर फुगवतात. आधी पाच मिनिटं ‘वा, काय बेस आहे’ असं वाटतं, पण तानपुऱ्याची खर्जाची तार आणि डग्गा यांचा एकच लगदा होतो. खालच्या मजल्यावरच्यांना तर फक्त तो लगदाच ऐकू जातो.

आपल्या फ्लॅटमधली दहा बाय दहाची खोली हे आणखी वेगळं प्रकरण. छतही साडेनऊ-दहा फुटांवर, म्हणजे खोली जवळजवळ ठोकळाच. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये 56 हर्ट्झच्या आसपासचा स्वर घुमतो. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारख्या असल्या की तिन्ही दिशांना तोच एक स्वर घुमत राहतो. अशा खोलीत मोठे, जमिनीवर उभे राहणारे स्पीकर आणणं म्हणजे पैसे देऊन डोकेदुखी घेणं. बीबीसीने 1970 च्या दशकात बाह्यध्वनिक्षेपणाच्या गाड्यांमध्ये वापरायला एलएस3/5ए नावाचा जेमतेम फूटभर उंचीचा स्पीकर तयार केला. त्यात माणसाचा आवाज इतका खरा ऐकू येतो की आजही लोक तो शोधत फिरतात. लहान जागेला लहान स्पीकर, यात कमीपणा कसला?

खरेदीबद्दल थोडंच सांगते. खोक्यावर हजारांत छापलेला पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या फुगवलेल्या ताकदीचा, आकडा वाचूच नका, आरएमएस, म्हणजे सलग मिळणारी ताकद, विचारा. दुकानात दोन स्पीकरांची तुलना करताना दोघांचा आवाज सारखा ठेवायला लावा, कारण किंचित मोठा वाजणारा नेहमी सरस वाटतो आणि विक्रेत्याला ते पक्कं ठाऊक असतं. शिवाय दुकानातलं नको, स्वतःच्या पाठ असलेलं गाणं लावायला सांगा. केबलवर हजारो रुपये घालवणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलं आहे.

मांडणीत मुख्य गोष्ट त्रिकोणाची. दोन स्पीकरांमध्ये जेवढं अंतर, तेवढंच प्रत्येकापासून तुमच्यापर्यंत. सहा-सात फूट पुरतात. उंच स्वरांचा छोटा पडदा, म्हणजे ट्वीटर, कानाच्या पातळीत हवा. बाजारातले स्टँड खुर्चीत बसणाऱ्यांच्या हिशेबाने केलेले असतात. गादीवर मांडी घालून ऐकणाऱ्याचा कान अडीच फुटांच्या आसपास येतो, तेव्हा सुताराकडून बुटका स्टँड करून घ्यावा. जड हवा, डगमगता नको.

सगळं जमलं की नाही, हे बालगंधर्वांच्या तबकडीवर तपासा. ही ध्वनिमुद्रणं मोनो, दोन्ही स्पीकरांतून तंतोतंत एकच आवाज. मांडणी बरोबर असेल तर गाणं दोन खोक्यांतून येत नाही, मधल्या मोकळ्या जागेतून येतं, नेमक्या एका ठिकाणाहून. आवाज पसरट आणि अधांतरी वाटला, खर्ज नाहीसा झाला, तर आधी मागे वाकून बघा. एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागलेली असण्याची शक्यता दांडगी.

उरली फरशी. गुळगुळीत टाइल्स, काचेची सरकती दारं आणि कोऱ्या भिंती म्हणजे शब्दावर शब्द चढणार. हार्वर्डच्या वॉलेस सबाइनने 1890 च्या दशकात एका व्याख्यानगृहातला घुमारा मोजला. शब्द विरायला तिथे साडेपाच सेकंद लागत. त्याने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या आणि किती गाद्यांनी घुमारा किती कमी होतो ते मांडलं. खोलीच्या ध्वनिशास्त्राची सुरुवात अशी गाद्यांपासून झाली. आपल्याकडे सतरंजी, जाड पडदा आणि पुस्तकांनी भरलेलं कपाट एवढ्यावर बरंच भागतं. पण आजकालच्या सजावटीत नेमक्या याच तीन गोष्टी हद्दपार आहेत.

‘काकू, वायरी दिसतील हो,’ असं सजावटकार म्हणतो. दिसणार नाहीत. प्लास्टर होण्याआधी भिंतीतून एक रिकामा पाइप टाकायचा आणि स्पीकर जिथे उभे राहणार तिथे तो बाहेर काढायचा. एसीसाठी हे सगळं न सांगता होतं. आणि ज्यांना काहीच हलवायचं नाही, पाहुण्यांना खोली मासिकातल्यासारखीच दिसायला हवी, त्यांनी टीव्हीखाली साउंडबार लावावा. त्यात काही वाईट नाही. फक्त मग महागडी जोडी घेऊन कप्प्यात कोंबू नये आणि फोन करून मला स्पीकरचं नवं मॉडेल विचारू नये.